थम लागंना? मजुराच्या बोटांचे ठसे मशीन का घेत नाही आणि कोणत्या क्रमाने काय करून बघायचं

बीड जिल्ह्यात बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यात माझं सेवा केंद्र आहे. आधी नुसतं झेरॉक्सचं दुकान होतं. मग आधारवर पैसे काढायचं मशीन आलं, केवायसी आली, हयातीचे दाखले आले. त्यांच्याबरोबर एक वाक्य आलं, ते मी आता रोज ऐकतो: "बाप्पा, थम लागंना." सांगणारा ऊसतोड्या असतो, कापूस वेचणारी बाई असते, मिस्त्री असतो, नाहीतर सत्तरीतली आजी. जाडजूड हात, आणि मशीनसमोर गुन्हा केल्यासारखा चेहरा. एक आजी म्हणाली होती, "हात तर माझेच हायेत ना बाबा, मग मला कामून वळखंना?" तेव्हा मला नीट उत्तर देता आलं नव्हतं. आता देता येतं, म्हणून हे लिहितो. केंद्र चालवणाऱ्या पोरांसाठीही आहे आणि घरच्या म्हाताऱ्यांना घेऊन येणाऱ्यांसाठीही.

आधी लक्षण ओळखा

"थम लागंना" या दोन शब्दांत चार-पाच वेगवेगळे बिघाड लपलेले असतात. पडद्यावर काय येतं ते वाचल्याशिवाय बोट पुसायला लागू नका.

बोट ठेवलं, लाईट लागली, पण मशीन काही टिपतच नाही आणि वेळ संपते, तर बिघाडाचा आकडा येतो ७००. ७२० म्हणजे मशीनच तयार नाही. त्यात बोटाचा काही संबंध नाही, वायर बघा. ठसा घेतला पण जुळला नाही, तर ३००. आपल्या भागातलं खरं दुखणं हे. ३३० आला तर त्या माणसाचे बायोमेट्रिक, म्हणजे ठसे-बुबुळांच्या नोंदी, लॉक आहेत. ८११ आला तर आधारमध्ये ठसेच नाहीत. वयाच्या पाच वर्षांच्या आत काढलेल्या आधारात ठसे घेतलेलेच नसतात, म्हणून पोरांच्या बाबतीत हा हमखास दिसतो. ३३० आणि ८११ ला बोट कितीही पुसा, दिवसभर बसा, काही होणार नाही.

आकड्यांशिवायही काही खुणा आहेत. सकाळी लागत नाही आणि दुपारी लागतो, तर कातडी कोरडी आहे. रेशन दुकानात लागतो आणि माझ्याकडे नाही, तर माझी काच मळलीय किंवा मशीन जुनं झालंय. दसऱ्याच्या आधी लागत होता आणि होळीनंतर दहाच्या दहा बोटं गेली, तर ते कोयत्याचं आणि उसाच्या पाचटाचं काम. आणि काम काहीच बदललं नाही, तरी हळूहळू ठसे गेले किंवा एकाच हाताचे गेले, तर आजाराचा विचार करा. त्यावर खाली सविस्तर लिहिलंय.

मशीन नक्की बघतं काय

एवढं समजलं की पुढची प्रत्येक गोष्ट आपोआप समजते. आपल्याकडच्या बहुतेक मशिनी काचेखालून प्रकाश टाकतात. बोटावरच्या रेघा म्हणजे बारीक बांध. बांध काचेला टेकतो तिथे काळी रेघ उमटते, दोन बांधांमधल्या सरीत हवा असते तिथे पांढरं राहतं. बोट फार कोरडं असेल तर बांधही काचेला धड चिकटत नाही आणि रेघ तुटक येते. बोट फार ओलं असेल तर सऱ्यांत पाणी भरतं आणि शेजारच्या रेघा एकमेकींत मिसळतात. पुढे सॉफ्टवेअर रेघ कुठे संपते आणि कुठे तिला फाटा फुटतो ती टिंबं मोजून जुनी नोंद पडताळतं. तुटक रेघेत खोटी टोकं तयार होतात, मिसळलेल्या रेघेत खरी टोकं हरवतात. दोन्हीकडून उत्तर एकच: जुळलं नाही.

आजीला सांगायचं उत्तर असं, की रेघांचा साचा वरच्या कातडीत नसतो. तो खालच्या थरात असतो आणि आईच्या पोटातच ठरलेला असतो. काम करून घासतो तो वरचा थर. तो साधारण चार आठवड्यांत नवा येतो, म्हातारपणी जास्त दिवस लागतात, आणि येताना खालच्या साच्याप्रमाणेच येतो. म्हणून घासलेला ठसा परत येतो. खोल भाजलं, किंवा कोयता हाडापर्यंत गेला आणि खालचा थरच फाटला, तर तिथला वण मात्र कायमचा.

तपासणी पहिली: काच, वायर आणि ऊन

खर्च शून्य, म्हणून सुरुवात इथून. काचेवर आधीच्या माणसाच्या बोटाचा तेलकट डाग तसाच असतो, त्यावर धुळीचा थर. चष्म्याच्या मऊ फडक्याने कोरडं पुसा. शर्टाच्या टोकाने पुसू नका, ओरखडे पडतात. मशीनवर थेट ऊन पडत असेल तर ते सावलीत घ्या. खालून टाकलेल्या प्रकाशावर चालणाऱ्या मशीनला वरचं ऊन आंधळं करतं. मी उन्हाळाभर काउंटरचं तोंड फिरवून ठेवतो. मशीन फोनला जोडणारी ओटीजी वायर ढिली असली की ७२० येतो, आणि दोष बिचाऱ्या म्हाताऱ्याला जातो.

मग स्वतःचं बोट लावून बघा. माझं बोटही घेतलं नाही, तर समोरच्याला बसवून ठेवण्यात अर्थ नाही. आरडी सर्व्हिस, म्हणजे मशीनची आधारकडे नोंद ठेवणारं सॉफ्टवेअर, चालू आहे का, तिची मुदत संपली का ते बघा. जुन्या एल-शून्य प्रकारच्या मशिनी आता बाद झाल्यात, जास्त सुरक्षित अशी एल-वन लागते. कुठूनतरी स्वस्तात जुनी मशीन आणून गिऱ्हाइकाला त्रास देऊ नका.

दुसरी: हात धुणं, वाळवणं, थोडी ओल

साध्या पाण्याने आणि साबणाने हात धुवा. नखातली माती, सिमेंटची पूड, कापसाचा चिकटा, हळदीची पूड काढा. हळद शिजवणाऱ्या-पॉलिश करणाऱ्या हिंगोली-वसमतच्या पाहुण्यांचे हात पिवळेजर्द असतात. त्या रंगाने फार अडत नाही, बोटावर बसलेल्या पुडीने अडतं. मेंदीचंही तसंच.

धुतल्यावर लगेच बोट लावायचं नाही. भांडी घासून किंवा धुणं धुऊन आलेल्या बाईच्या बोटांना सुरकुत्या पडलेल्या असतात. तिला अर्धा तास बसू द्या, चहा पाजा. हे मी गंमत म्हणून लिहीत नाही. या अर्ध्या तासाने माझे जितके ठसे वाचवलेत, तितके दुसऱ्या कशाने नाही.

कोरड्या बोटाचं उलट. डिसेंबर-जानेवारीत परभणीकडे पारा उतरतो, तेव्हा आमच्याकडेही सकाळी नऊ वाजता हात लाकडासारखे असतात. आपल्या बोटांच्या टोकांवर घाम येतो, पण तिथे तेलाच्या ग्रंथी नसतात. म्हणून जुने ऑपरेटर बोट कपाळावरून किंवा केसांतून फिरवायला सांगतात. तेवढं तेल पुरतं. तेही जमलं नाही तर ओलसर फडक्याला बोट टेकवून लगेच कोरड्या फडक्याला टेकवा. व्हॅसलीन किंवा खोबरेल आदल्या रात्री चोळायचं. मशीनपुढे उभं राहून चोळलं तर काच बरबटते आणि मागच्या दहा जणांचंही काम अडतं. सॅनिटायझर नको, त्याने कातडी आणखी कोरडी पडते.

काय करू नये तेही सांगतो, कारण मी पाहिलंय: पॉलिश पेपरने बोट घासणं, रॉकेल-पेट्रोलने पुसणं, लिंबू-सोडा चोळणं. उरलेली रेघही जाते आणि वर जखम होते.

तिसरी: अंगठ्याचा हट्ट सोडा

आपल्याकडे निशाणी म्हणजे अंगठा. सावकाराच्या कागदापासून सातबाऱ्याच्या फेरफारापर्यंत पिढ्यान् पिढ्या अंगठाच उठवला, त्यामुळे माणूस मशीनसमोर आला की आपोआप अंगठा पुढे करतो. पण आधारात दहाही बोटं नोंदवलेली असतात आणि त्यातलं कोणतंही चालतं. मजुराचा अंगठा तर सगळ्यात आधी झिजतो.

कोणतं बोट लावायचं ते माणसाचं काम विचारून ठरवा. कापूस वेचणारी बाई अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट बोंडात घालते, आणि वाळलेल्या बोंडाची टोकं सुईसारखी असतात. तिची ही तीन बोटं दोन्ही हातांची गेलेली असतात, म्हणून तिला अनामिका लावायला सांगा. तंबाखू मळणाऱ्याचा उजवा अंगठा चुन्याने खाल्लेला असतो. डाव्या तळहातावर चुना आणि तंबाखू, त्यावर दिवसातून वीस वेळा उजवा अंगठा. त्याचा डावा अंगठा बघा. ऊसतोड्याच्या उजव्या हातात कोयत्याची मूठ असते, डाव्यात ऊस. डाव्या बोटांना पात्यांनी बारीक कापलेलं असतं, उजव्या तळव्याला घट्टे असतात, पण बोटांची टोकं थोडी बरी असतात. वीटभट्टीवरच्याचं मात्र अवघड, तिथे रेती-चिखल दहाही बोटांना सारखाच घासतो. मिस्त्रीच्या हाताचं दुखणं वेगळं. ओलं सिमेंट जबर अल्कली असतं, ते कातडी नुसती घासत नाही, जाळतं. शिवाय सिमेंटमधल्या क्रोमियमची काहींना ॲलर्जी बसते, मग भेगा आणि खाज.

बोट कसं ठेवायचं तेही बघा. नखाचं टोक नको, पेराचा मधला फुगीर भाग काचेवर सपाट यायला हवा. लोक घाबरून काच फुटेल एवढं दाबतात. दाबलं की रेघा चपट्या होऊन मिसळतात. बोट हलकं ठेवायचं आणि हलवायचं नाही. प्रत्येक बोटाला दोन-तीन संधी द्या आणि कोणतं लागलं ते वहीत लिहून ठेवा. माझ्याकडे अशी वही आहे, "डावी अनामिका", "उजवं मधलं" असं नावापुढे लिहिलेली. पुढच्या महिन्यात माणूस आला की दहा मिनिटं वाचतात.

एक सावधगिरी, पैसे काढणाऱ्यांसाठी. "थम लागला नाही, परत लावा" असं म्हणत दोन-तीनदा बोट लावून घेऊन खात्यातून खरंच पैसे काढणारे भामटे आहेत. प्रत्येक वेळी बोट लावलं की पावती मागा, फसलेल्या व्यवहाराचीही. मोबाईलवर मेसेज येतो का बघा. आधारच्या संकेतस्थळावर मागच्या सहा महिन्यांत तुमचं बोट कुठे-कधी वापरलं गेलं ते दिसतं. शंका असेल तर बायोमेट्रिक लॉक करून ठेवा, पण लॉक केलंय हे लक्षात ठेवा, नाहीतर पुढच्या वेळी ३३० घेऊन माझ्याकडे याल.

चौथी: बोट सोडा, दुसऱ्या वाटेने जा

तीन-चार बोटं झाली, तरी नाही, तर थांबा. बोटाचा ठसा ही एकच वाट नाही.

मोबाईल नंबर आधारला जोडलेला असेल तर बरीच केवायसी ओटीपीवर होते. पीएम किसानची केवायसी ओटीपीने, बोटाने किंवा चेहऱ्याने, तिन्ही प्रकारे होते. हयातीचा दाखला २०२१ पासून चेहऱ्यावरून देता येतो. फोनमध्ये आधार फेस आरडी हे ॲप टाकायचं, उजेड समोरून हवा, पाठीमागे खिडकी नको. रेशनकार्डाची केवायसी मेरा ई-केवायसी ॲपमधून चेहऱ्याने होते. धान्य उचलताना कार्डावरचं कोणतंही नाव चालतं, म्हाताऱ्यालाच उन्हात उभं करायची गरज नाही. दुकानात बुबुळ स्कॅनर असेल तर तो मागा. पैसे काढायचे असतील तर बँकेच्या शाखेत स्लिप भरून निघतात, हे बऱ्याच लोकांना कुणी सांगतच नाही.

आणि "थम लागला नाही, धान्य नाही" हे बरोबर नाही. आधार प्राधिकरणाने २४ ऑक्टोबर २०१७ च्या परिपत्रकात ठसा जुळला नाही तरी लाभ नाकारू नये, दुसरा मार्ग काढावा, असं सांगितलंय. सर्वोच्च न्यायालयाच्या २६ सप्टेंबर २०१८ च्या आधार निकालातही ठसा जुळला नाही म्हणून हक्काचं नाकारलं जाऊ नये, हीच भूमिका आहे. दुकानदार ऐकत नसेल तर तहसीलच्या पुरवठा शाखेत लेखी द्या, किंवा रेशनच्या हेल्पलाईनला, १९६७ ला, फोन लावा. मी स्वतः एका आजोबांना घेऊन गेलो होतो. तीन महिने धान्य नव्हतं. अर्ज लिहायला दहा मिनिटं लागली.

पाचवी: ठसे अपडेट, पण हात बरा असताना

इथे सगळ्यात जास्त चुका होतात, म्हणून जरा थांबून वाचा. ठसा लागेना की प्रत्येक जण म्हणतो, "आधार अपडेट करा." माणूस तसाच उठतो, फाटक्या हातांनी आधार केंद्रावर जातो. आता १२५ रुपये लागतात, मजुरी बुडते ती वेगळी. तिथे त्याच झिजलेल्या बोटांची नवी नोंद होते. चांगली जुनी नोंद गेली, खराब आली. दोन महिन्यांनी हात बरा होतो, आणि आता बरं बोट त्या खराब नोंदीशी जुळत नाही.

म्हणून मी ऊसतोडीच्या लोकांना सांगतो, कारखान्यावरून आल्या आल्या अपडेट करू नका. पट्टा पडल्यावर, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपल्यावर, महिना-दीड महिना जाऊ द्या, रोज रात्री तेल किंवा व्हॅसलीन लावा. पेरणीची झोंबाझोंबी सुरू व्हायच्या आधी, हात मऊ असताना जा. वर्षाची केवायसी दसऱ्याला गाडी भरायच्या आधी करून ठेवा. मार्चमध्ये हात बघून कोणी केवायसीची तारीख ठरवत नाही, ती आपल्यालाच ठरवावी लागते. कापसाच्या बायांसाठी वेचणी सुरू व्हायच्या आधीचा काळ बरा. मिस्त्री लोकांना सुट्टीचा हंगाम नसतो, त्यांनी निदान पंधरा-वीस दिवस रबरी हातमोजे घालून सिमेंट हाताळावं, तेवढ्यानेही फरक पडतो.

अपडेटच्या वेळी ऑपरेटरला पडद्यावर ठसा किती स्पष्ट आलाय ते दाखवायला सांगा, धूसर असेल तर परत घ्यायला लावा. तो चिडला तर चिडू द्या. बुबुळंही नीट घ्यायला सांगा, बोट गेलं तर ती कामाला येतात. पोरांचं पाच आणि पंधरा वर्षांचं अपडेट चुकवू नका. ८११ वाल्यांना अपडेटशिवाय इलाज नाही. बोटंच नसतील तर बुबुळांवर नोंदणी होते, दोन्ही नसली तरी अपवाद म्हणून होते. "होत नाही" असं कोणी म्हणालं तर आधारच्या हेल्पलाईनला, १९४७ ला, फोन करा.

सहावी: हात घेऊन डॉक्टरकडे

मी डॉक्टर नाही. पण दिवसभर लोकांच्या बोटांकडे बघून काही गोष्टी डोळ्यांत भरतात. या दिसल्या की मशीन बाजूला ठेवा.

एकाच हाताची कातडी पांढरी, पिठासारखी सुटतेय आणि दोन्ही पायांनाही तसंच आहे, तर ती बुरशी असायची शक्यता मोठी. मेडिकलवरून मिळणारी मिश्र मलमं लावू नका. त्यात स्टेरॉइड असतं, खाज थांबते आणि बुरशी वाढत राहते. भेगा आणि खाज खुरपणीच्या दिवसांत वाढते, तर गाजर गवताची ॲलर्जी असू शकते. आपल्याकडे बांधाबांधावर ते आहे. सोरायसिस, हाताचा इसब, दोन्हींत ठसे जातात आणि नीट इलाज झाला की बहुधा परत येतात. त्वचेच्या डॉक्टरकडे जा, इथे घरगुती उपाय चालत नाहीत.

बोटाला चटका बसला तरी कळत नाही, अंगावर बधिर चट्टा आहे, तर लपवू नका. कुष्ठरोगाचा इलाज प्राथमिक आरोग्य केंद्रात फुकट आहे आणि रोग पूर्ण बरा होतो. उशीर केला तर बोटं आखडतात, आणि ती भरून येत नाहीत. बधिरपणा साखरेमुळेही येतो, तीही तपासा.

थंडीत बोटं पांढरी-निळी पडतात आणि कातडी ताणून चकचकीत होतेय, तर मोठ्या डॉक्टरला दाखवा. कॅन्सरच्या काही गोळ्यांनी, विशेषतः कॅपेसिटाबिनने, तळहात-तळपाय लाल होऊन सोलतात आणि ठसे पुसले जातात. ज्यांनी गोळी दिली त्या डॉक्टरांना सांगा, पण थम लागावा म्हणून गोळी बंद करू नका. तोवर चेहऱ्याने किंवा ओटीपीने काम काढा, आणि डॉक्टरांकडून दोन ओळींचं पत्र घ्या, बँकेत उपयोगी पडतं. आणि कोणाचा एक हात अचानक उचलेनासा झाला, तोंड वाकडं झालं, बोलणं अडखळलं, तर ते थमचं दुखणं नव्हे. लगेच १०८.

बोटातून रक्त येत असेल, पू असेल, तर मी बोट लावूच देत नाही. उद्या नाही, जखम भरल्यावर या म्हणतो.

त्या आजीची डाव्या हाताची अनामिका लागली. वहीत तिच्या नावापुढे लिहून ठेवलंय.